शीर्षकातला शब्द कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गी द मोपासाँ यांच्या 'ला पार्युर' या कथेचे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीतून 'द नेकलेस' या नावाने वाचलेल्या कथेचे, शीर्षक तिचा आशय आणि तिच्यातील उपरोध कसा व्यक्त करते, असे तुम्हाला विचारले गेले. हार हरवल्यामुळेच सगळे कथानक घडते आणि हाराचा उल्लेख वारंवार येतो, म्हणून शीर्षक समर्पक आहे, असे उत्तर तुम्ही लिहिले. त्यावर 'हे पुरेसे नाही' एवढाच शेरा मिळाला. मग पुरेसे काय असते, आणि तीच पद्धत दुसऱ्या एखाद्या लघुकथेला कशी लावायची, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

बरीच वर्षे मी कथा शिकवते आहे आणि नव्या लेखकांची हस्तलिखिते संपादनासाठी वाचते आहे. त्या अनुभवावरून सांगते की शेरा योग्य होता, पण तुमची चूक कोठे झाली हे त्यातून कळण्यासारखे नव्हते. तुमच्या उत्तरातून एवढेच सिद्ध होते की हे शीर्षक याच कथेचे आहे, शेजारच्या कथेचे नाही. दुकानावरची पाटीसुद्धा तेवढे काम करते. एखादा शब्द कथेत किती वेळा आला, यावरून त्या शब्दाचे कथेतील वजन ठरत नाही. कित्येक उत्तम कथांमध्ये शीर्षकातला शब्द एकदाच येतो, तर काहींमध्ये तो येतच नाही.

शीर्षकाबद्दल मी स्वतःला नेहमी एकच प्रश्न विचारते: हा शब्द कोणाचा आहे? कथेतल्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी बोलणारा असतो. संवाद पात्रांचे असतात, वर्णन निवेदकाचे असते. शीर्षक मात्र या सगळ्यांच्या वर, एकटे उभे असते आणि आपल्याला वाटते की ते थेट लेखकाचे आहे. नीट पाहिले तर लेखकाने तो शब्द बहुधा कोणाकडून तरी उचललेला असतो. कधी तो एखाद्या पात्राच्या स्वप्नातला असतो, कधी समाजाच्या तोंडचा आरोप असतो, तर कधी सरकारी दफ्तरातली नोंद असते. कथा पुढे सरकते तसा तो शब्द एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि ज्याचा होता त्याच्यावरच उलटतो. कथेच्या शेवटी शीर्षक पुन्हा वाचले की अक्षरे तीच असतात, पण त्यांचा धनी बदललेला असतो. शीर्षकातला उपरोध त्या बदलात असतो. शाळेत आपण शब्दशक्ती शिकतो. त्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वाचनात शीर्षक अभिधेने, म्हणजे सरळ अर्थाने, बोलते आणि शेवटच्या वाक्यानंतर व्यंजनेने, म्हणजे सूचित अर्थाने. पण केवळ 'व्यंजना आहे' असे म्हणून थांबू नये. कोणाच्या शब्दाची व्यंजना कोणाच्या पदरात पडली, हे दाखवावे लागते.

आता तुमच्याच कथेकडे येऊ, आणि तिथे थोडे रेंगाळू. ही कथा १८८४ च्या फेब्रुवारीत 'ल गोलुआ' या फ्रेंच दैनिकात प्रथम छापली गेली. मातिल्द लुआझेल ही एका कारकुनाची सुंदर, असमाधानी बायको. मंत्रालयातल्या समारंभाचे आमंत्रण येते, तेव्हा नवऱ्याने बाजूला ठेवलेल्या ४०० फ्रँकचा पोशाख ती शिवून घेते, आणि दागिना नाही म्हणून मैत्रिणीकडून, फोरेस्तिए बाईंकडून, एक हार मागून आणते. ती संध्याकाळ तिच्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी संध्याकाळ ठरते, आणि घरी परतल्यावर कळते की हार गळ्यात नाही. तसाच दिसणारा दुसरा हार ३६,००० फ्रँकला मिळतो. नवऱ्याजवळ वडिलोपार्जित १८,००० असतात, उरलेले कर्ज. ते फेडण्यात दोघांची १० वर्षे जातात. शेवटी पॅरिसच्या शाँजेलिझेवर फिरताना फोरेस्तिए बाई भेटतात आणि सांगतात की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

मोपासाँने शीर्षकासाठी कोणता शब्द निवडला, ते पाहा. मातिल्द काळ्या सॅटिनच्या डबीत तो दागिना पहिल्यांदा पाहते, तेव्हा निवेदक त्याला 'हिऱ्यांची रिव्हिएर', म्हणजे हिऱ्यांची सर, असे म्हणतो. शीर्षकात मात्र तो शब्द नाही. तिथे 'पार्युर' आहे. सजवणे, शृंगारणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. आपल्याकडचा 'साज' हा त्याला सर्वांत जवळचा शब्द. या निवडीतून दोन गोष्टी साधतात. पहिली अशी की खोटा हिरा हा हिरा नसतो, पण खोटा साज हा तरीही साजच असतो. म्हणजे शीर्षक वाचकाशी एका अक्षराने खोटे बोललेले नाही. काही इंग्रजी अनुवादांनी शीर्षकात 'डायमंड' शब्द घातला, तेव्हा मातिल्दची समजूत लेखकाच्या तोंडी गेली आणि मुळातला प्रामाणिकपणा हरवला. ते हिरे आहेत असे फोरेस्तिए बाई कथेत कधीच म्हणत नाहीत. मातिल्द विचारते, हा देशील का. त्या म्हणतात, हो, देईन की. बाकी सगळे तिने स्वतःच ठरवलेले असते.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. साज हा शब्द वस्तूपेक्षा वस्तूने होणाऱ्या कामाकडे बोट दाखवतो. आपण सजण्यासाठी, ऐश्वर्यात मिरवण्यासाठीच जन्मलो आहोत, अशी मातिल्दची खात्री असते. शीर्षकातला शब्द तिच्या त्या स्वप्नातला आहे, तिच्याच मालकीचा. एका संध्याकाळी तो साज तिच्या अंगावर चढतो, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. त्यानंतरच्या १० वर्षांत तोच साज तिच्या अंगावरचे एकेक उतरवत जातो. मोलकरीण जाते, घर जाते, हात लाल आणि राठ होतात, आवाज चढतो, केस विस्कटतात. शाँजेलिझेवर ती मैत्रिणीला हाक मारते, तेव्हा मैत्रीण तिला ओळखत नाही. ज्या वस्तूमुळे ती एका रात्री सर्वांना दिसली, त्याच वस्तूमुळे ती जुन्या मैत्रिणीलाही ओळखू येईनाशी झाली. शेवटी 'साज' हा शब्द तिच्याकडे उरत नाही. तो फोरेस्तिए बाईंच्या तोंडून परत येतो, आणि येताना त्याची किंमत ५०० फ्रँक असते.

इथे एक वाक्य मुद्दाम दाखवते, कारण धक्कादायक शेवट आणि उपरोध यांतला फरक त्यावर ठरतो. हार हरवल्यावर नवराबायको डबीवर ज्याचे नाव आहे त्या सराफाकडे जातात. तो वह्या चाळतो आणि सांगतो की ही सर मी विकलेली नाही, मी फक्त डबी दिली असणार. पहिल्या वाचनात या वाक्यावर कोणाचेही लक्ष थांबत नाही. शोधाचा आणखी एक धागा तुटला, एवढेच वाटते. दुसऱ्या वाचनात तेच वाक्य अंगावर येते. डबी एका ठिकाणची, आतली वस्तू दुसऱ्या ठिकाणची. बाहेरून खरे, आत खोटे. कथेचा सगळा आशय तो सराफ वह्या मिटता मिटता सांगून गेलेला असतो आणि ऐकणाऱ्या दोघांनाही तो कळत नाही. पुढे मातिल्द नवा हार परत करायला जाते, तेव्हा मैत्रीण डबी उघडत नाही. आता ती उघडून पाहील, अशी मातिल्दला धास्ती असते. दुसऱ्या वाचनात आपल्याला वाटत राहते की तिने ती उघडायला हवी होती.

धक्का एकदाच बसतो. उपरोध दुसऱ्या वाचनात वाढतो. माझ्या मते शेवटाला उपरोधात्मक म्हणावे की नाही, याची हीच कसोटी आहे. शेवट माहीत असूनही कथा पुन्हा वाचताना मधली वाक्ये जड होत गेली, तर तो उपरोध; आणि मधली वाक्ये पहिल्यासारखीच हलकी राहिली, तर लेखकाने केवळ एक गोष्ट लपवून ठेवली होती. शब्दांबाबतही थोडी काळजी घ्यावी. मराठी समीक्षेत 'उपरोध' हा शब्द टोचून बोलण्यासाठीही वापरतात आणि परिस्थितीने केलेल्या विपरीत थट्टेसाठीही. दुसऱ्या प्रकाराला आपण दैवदुर्विलास म्हणतो. पात्राला ठाऊक नाही पण वाचकाला ठाऊक आहे, अशा अवस्थेला नाट्यात्म उपरोध म्हणतात. उत्तर लिहिताना यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते पहिल्यांदाच सांगून टाकावे. 'ला पार्युर'मध्ये पहिल्या वाचनात दैवदुर्विलास आहे आणि दुसऱ्या वाचनात नाट्यात्म उपरोध. त्यामुळे तिथे केवळ 'उपरोध आहे' असे लिहिले तर निम्मी कथा निसटते.

'हा शब्द कोणाचा?' या प्रश्नाची धार सर्वांत जास्त जाणवते ती बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो, जात न सांगता खोली मिळवतो, काही काळ त्याला मान मिळतो, आणि जात उघड झाल्यावर मार बसतो. शीर्षक वाचताच ते कबुलीजबाबासारखे वाटते: कोणीतरी गुन्हा केला आहे आणि आता तो प्रांजळपणे सांगतो आहे. पण 'चोरली' हे क्रियापद मुळात कोणाचे? चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. या माणसाने स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली नाही, एवढेच त्याने केले. त्याला चोरी म्हणणारी जीभ समाजाची आहे. लेखकाने फिर्यादीचा शब्द उचलून आरोपीच्या तोंडी, प्रथमपुरुषी एकवचनात ठेवला आहे. कथा वाचून होईपर्यंत वाचकाला स्वतःलाच विचारावे लागते की इथे चोरी नेमकी कोणाची झाली, आणि चोर कोण. शीर्षकात एकही शब्द न बदलता आरोपीचा पिंजरा आणि फिर्यादीची जागा यांची अदलाबदल होते.

याच शीर्षकाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. 'जेव्हा' म्हटले की मराठी कान 'तेव्हा'ची वाट पाहू लागतो. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे गौणवाक्य आहे. मुख्य वाक्य शीर्षकात नाहीच. ते मुख्य वाक्य म्हणजे पुढची सगळी कथा. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की शीर्षकातले नाम तर पाहाच, पण क्रियापद, काळ, विभक्ती आणि अर्धवटपणा हेही पाहा. आशय कित्येकदा तिथेच दडलेला असतो.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं'मध्ये विभक्तीचा प्रत्ययच सगळे काम करतो. खाणीतले काम बंद पडलेला भीमा मढ्यांच्या राखेतून सोने शोधून पोट भरू लागतो. शीर्षकातले दोन शब्द एकमेकांना सहन होत नाहीत, आणि 'तील' या प्रत्ययाने त्यांना शेजारी बसवले आहे. जिवंत माणसाच्या श्रमाला जिथे मोल नाही, तिथे मेलेल्याच्या राखेला ते आहे, हा आशय त्या शेजारातच आला. पुढे बोटे गमावून भीमा घरी पडतो, तेव्हा बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आता स्मशानाची गरज नाही, पण आता हातही पहिल्यासारखा नाही.

काहींना वाटते की शीर्षकाने शेवट आधीच सांगितला तर उपरोध मरतो. आंतोन चेखव यांची १८८३ सालची एक छोटी कथा या समजुतीला उत्तर देते. तिचे शीर्षक सरळ 'सरकारी नोकराचा मृत्यू' असे आहे. काय होणार, ते पहिल्या ओळीच्या आधीच कळते. नाटक पाहताना चेर्व्याकोव्ह नावाच्या कनिष्ठ नोकराला शिंक येते आणि पुढे बसलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मानेवर तुषार उडतात. तो अधिकारी त्याच्या खात्याचासुद्धा नसतो आणि त्याला या गोष्टीचे काही वाटतही नाही. तरी चेर्व्याकोव्ह पुनःपुन्हा माफी मागायला जातो, अखेर अधिकारी वैतागून ओरडतो, आणि हा घरी येऊन, अंगावरचा गणवेश न उतरवताच, कोचावर पडतो आणि मरतो. गणवेश न उतरवता, हा तपशील शीर्षकाला भिडवून पाहा. चेखव माणसाच्या मृत्यूबद्दल लिहीत असते, तर शीर्षकात माणूस आला असता. तिथे आला तो हुद्दा, कारण मेला तोही हुद्दाच. त्या कपड्यांच्या आत वेगळा माणूस उरलेलाच नव्हता. शीर्षकातला शब्द इथे दफ्तराचा आहे, सेवापुस्तकातल्या शेवटच्या नोंदीसारखा, आणि मरणाऱ्यानेही स्वतःसाठी दुसरा शब्द कधी शोधला नव्हता.

सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंग'मध्ये शीर्षक हे एका गावाचे नाव आहे. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात १५ वर्षे उभा असलेला बिशनसिंग एकच विचारत राहतो, टोबा टेकसिंग कोठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात. त्याची जमीन त्या गावात, म्हणून लोक त्यालाच त्या नावाने हाक मारू लागलेले असतात. शेवटी तो दोन काटेरी कुंपणांच्या मधल्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पट्ट्यात कोसळतो, आणि मंटो लिहितात की त्या निनावी जमिनीच्या तुकड्यावर टोबा टेकसिंग पडला होता. गाव पडले की माणूस? ते वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते आणि दोन्ही अर्थ खरे आहेत. नकाशावरच्या नावाला अखेर जागा मिळाली, तीही नकाशात नाव नसलेल्या जागी. मला विचाराल तर शीर्षकाचा यापेक्षा पूर्ण उपयोग झालेली लघुकथा मी वाचलेली नाही.

टॉलस्टॉय यांच्या १८८६ सालच्या कथेचे शीर्षक प्रश्नच आहे: माणसाला किती जमीन लागते? हा प्रश्न शेतकरी पाखोमचा आहे, आणि त्याच्यापुरता तो खरेदीदाराचा प्रश्न आहे. १,००० रूबल देऊन एका दिवसात सूर्यास्तापूर्वी पायी जेवढी जमीन वेढता येईल तेवढी त्याची, असा सौदा ठरतो. तो हावेपायी धावतो, वेळेवर परत पोचतो आणि मरून पडतो. कबरीसाठी डोक्यापासून टाचेपर्यंत लागली ती ३ अर्शिन, म्हणजे सुमारे २ मीटर. इथे उत्तर इतके नेमके येते की फार काही उकलावे लागत नाही.

शीर्षकात उपरोध शोधण्याची सवय लागली की एक धोका असतो: प्रत्येक शीर्षक पात्राच्या विरोधातच वाचले जाते. ओ. हेन्री यांची १९०५ सालची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' त्यासाठी आठवणीत ठेवावी. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट असतात. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यावी म्हणून ती आपले केस विकते, आणि नवऱ्याने तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला ते घड्याळच विकलेले असते. घटनांचा उपरोध पुरेपूर आहे. पण शीर्षक त्या उपरोधाच्या बाजूने उभे राहत नाही. बाल येशूसाठी भेटी घेऊन आलेल्या ज्ञानी पुरुषांना मॅजाय म्हणतात, आणि निवेदक शेवटी म्हणतो की भेट देणाऱ्यांत हे दोघेच सर्वांत शहाणे. ज्यांना जग वेडे म्हणेल त्यांना शीर्षकाने आधीच ज्ञानी म्हणून ठेवले होते. हा शब्द निवेदकाचा आहे आणि अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहतो. बदलतो तो वाचक.

केट शोपिन यांच्या कथेतून आणखी एक गोष्ट शिकता येते. १८९४ मध्ये 'व्होग' नियतकालिकात ती 'द ड्रीम ऑफ अॅन अवर', म्हणजे 'तासाभराचे स्वप्न', या नावाने आली. आज ती 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' म्हणून छापली जाते. रेल्वे अपघातात नवरा गेल्याचे कळलेली स्त्री खोलीत एकटी असताना हळूहळू स्वतःच्या स्वातंत्र्याने भरून येते. तेवढ्यात नवरा जिवंत परततो आणि ती कोसळते. डॉक्टर म्हणतात, आनंदाने हृदय थांबले. 'स्वप्न' हा शब्द ठेवला तर तिचे स्वातंत्र्य खरे नव्हतेच, असा निवाडा शीर्षकच देते, आणि ते डॉक्टरांच्या फार जवळ जाऊन बसते. 'गोष्ट' म्हटले की तो तास तिच्या आयुष्यातला खराखुरा तास होतो आणि डॉक्टरांचे निदान एकटे पडते. एका शब्दाने शीर्षकाची बाजू बदलली. म्हणून कोणत्याही कथेचे शीर्षक अभ्यासताना कागदावर दोनतीन पर्यायी शीर्षके लिहून पाहावीत. मूळ शीर्षकाने काय टाळले, ते पर्याय समोर असले की लगेच दिसते.

हस्तलिखितांवर काम करताना हीच पद्धत मी वापरते. एका तरुण लेखकाची कथा माझ्याकडे आली होती, तिचे शीर्षक 'विश्वासघात'. दोन भाऊ, थोरला निरक्षर, आयुष्यभर अंगठा उठवणारा. धाकटा त्याला रोज संध्याकाळी सही करायला शिकवतो. थोरला दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपले नाव गिरवत बसतो, दर वेळी शिरोरेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे जाते, आणि तो ती पुसून पुन्हा ओढतो. ज्या दिवशी ती रेघ बरोबर अक्षरावर थांबते, त्या दिवशी धाकटा त्याच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. अंगठा असता तर त्याने कोणाकडून तरी कागद वाचून घेतला असता. सही येते म्हणून त्याला विचारायची लाज वाटते. कथा सुरेख होती, पण शीर्षक वाचल्यावर पहिल्या संध्याकाळच्या पाटीपेन्सिलीपासूनच धाकट्याचा संशय येत होता. 'विश्वासघात' हा शब्द कथेत कोणाचाच नव्हता. तो कथा संपल्यावर शेजाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष होता. मी लेखकाला सुचवले की थोरल्या भावाचा शब्द घ्या. त्याने शीर्षक 'सही' असे केले. आता तो शब्द आधी थोरल्याच्या अभिमानाचा होता आणि शेवटच्या पानावर धाकट्याच्या हातातला कागद झाला; आणि बोलीत 'सही' म्हणजे बरोबर, योग्य, हा अर्थही मागे दुखत राहिला. कथेच्या मजकुरात त्याने एक ओळही बदलली नव्हती.

तुमचे उत्तर पुन्हा लिहाल तेव्हा हाराच्या उल्लेखांची मोजणी सोडून द्या आणि सराफाच्या त्या वाक्यापासून सुरुवात करा: डबी माझी, सर माझी नाही. तिथून 'साज' हा शब्द मातिल्दच्या स्वप्नातून निघून फोरेस्तिए बाईंच्या तोंडी कसा पोचतो ते दाखवा. मग शेवटी एक गोष्ट जरूर तपासा, कारण मराठीत लिहिणाऱ्यालाच ती सुचू शकते. आपल्या भाषेत 'हार' म्हणजे दागिना आणि 'हार' म्हणजे पराभव. या कथेला मराठीत 'हार' असे नाव देण्याचा मोह कोणालाही होईल. मलाही वर्गात अनेकदा झाला आहे. पण तसे केले की शीर्षकाने निकाल देऊन टाकला. मूळ कथा तसा निकाल देत नाही. शेवटचे वाक्य ऐकण्याच्या क्षणभर आधी मातिल्द हसते, आणि निवेदक सांगतो की त्या हसण्यात अभिमान होता आणि भाबडा आनंदही. १० वर्षे स्वतःच्या हातांनी भांडी घासून, पैपैसा जोडून तिने कर्ज फेडलेले असते, आणि पहिल्यांदाच तिचा अभिमान मागून आणलेल्या वस्तूवर उभा नसतो. तो अभिमान ५०० फ्रँकचा आकडा ऐकून संपला की उरला, याबद्दल मोपासाँ काहीच लिहीत नाहीत. कथा तिथे थांबते. 'साज' हे नाव दिले तर तिचे ते लाल, राठ हातही शीर्षकात मावतात.